विश्लेषण : विंचूदंशात हातपाय गार का पडतात? महाडचा उपचार आणि नायट्रिक ऑक्साइडचा संबंध काय?

कशेडी घाटाच्या दोन्ही बाजूंच्या वाड्यांमध्ये लाल विंचवाची धास्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. चार दशकांपूर्वी गंभीर विंचूदंश झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत. वेळेत योग्य उपचार मिळाल्यास आज हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले आहे. हा बदल ज्या उपचाराने घडवला, त्याचे मूळ महाडमध्ये आहे. आवळलेल्या रक्तवाहिन्या वेळेत सैल करणे, हे त्या उपचाराचे सूत्र. निरोगी शरीरात हेच काम सतत करणारा रेणू म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. या दोन्हींचा संबंध काय, याविषयी...

विंचू चावल्यावर शरीरात नेमके काय होते?

कोकणात आढळणारा लाल विंचू आकाराने लहान, पण विषाने जहाल असतो. त्या तुलनेत मोठा काळा विंचू दिसायला भयंकर असला, तरी त्याच्या दंशाने जीव जाण्याचा धोका बराच कमी असतो. सरपणाचा ढीग, गवताची गंजी, रचून ठेवलेले चिरे, कौलांच्या फटी आणि दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला या लाल विंचवाच्या लपण्याच्या जागा. उन्हाळ्यात पावसाळ्यापूर्वीची कामे सुरू झाली की दंशाचे प्रमाण वाढते.

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंवर हल्ला करते. मज्जातंतूंच्या पेशींना सोडियमची ये-जा करू देणारी सूक्ष्म द्वारे असतात. विषातील घटक ही द्वारे नीट बंद होऊ देत नाहीत. त्यामुळे मज्जातंतू थांबायचे नाव न घेता संदेश पाठवत राहतात. परिणामी ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन ही संप्रेरके रक्तात अक्षरशः ओतली जातात. संकटाच्या वेळी थोड्या प्रमाणात ही संप्रेरके उपयोगी असतात. त्यांच्यामुळे छाती धडधडते, अंगात बळ येते आणि त्वचेकडचा रक्तप्रवाह कमी होतो. मात्र, विंचूदंशात ती इतक्या प्रमाणात सुटतात, की शरीरभरातील लहान रक्तवाहिन्या घट्ट आवळल्या जातात.

दंशानंतर काही वेळाने रुग्णाला उलटी होणे, दरदरून घाम फुटणे, हातपाय बर्फासारखे गार पडणे, पुरुष रुग्णांमध्ये लिंग ताठर होणे ही विष अंगात भिनल्याची लक्षणे मानली जातात. दंशाच्या जागी असह्य कळा येत असतील, पण ही लक्षणे नसतील, तर बहुतेक वेळा जिवाला धोका नसतो. याउलट कळ कमी आणि घाम, उलटी, गारठा जास्त, असे चित्र अधिक काळजीचे असते. ‘आता दुखत नाही, म्हणजे विष उतरले’ हा समज म्हणूनच घातक ठरू शकतो.

फुप्फुसात पाणी का होते?

गणेशोत्सवात कशेडी घाटात वाहन बंद पडले, की रांग मागे पोलादपूरपर्यंत लागते, हे चाकरमान्यांना नव्याने सांगायला नको. अडथळा घाटात असतो, पण कोंडी खाली होते. शरीरातही असेच घडते. रक्तवाहिन्या आवळल्या गेल्याने हृदयाला रक्त पुढे ढकलण्यासाठी प्रचंड जोर लावावा लागतो. त्यातच विषाच्या परिणामाने हृदयाचा स्नायूही दुबळा होत जातो. पुढे न सरकलेले रक्त मागे, म्हणजे फुप्फुसांमध्ये तुंबते. तेथील केशवाहिन्यांमधला दाब वाढतो आणि पाणी झिरपून हवेच्या पिशव्यांमध्ये उतरते.

रुग्णाला धाप लागते, झोपवत नाही, खोकल्यातून फेस येऊ लागतो. सुरुवातीला वाढलेला रक्तदाब पुढे हृदय थकल्यावर झपाट्याने घसरतो. लहान मुलांमध्ये हा सारा क्रम काही तासांतच घडू शकतो. विंचूदंशातील बहुतेक मृत्यूंचे कारण हेच असते. डॉ. मुंडले यांनी १९६१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून विंचूदंश आणि फुप्फुसात पाणी होणे यांच्यातील संबंधाकडे लक्ष वेधले होते. मात्र, त्यावर खात्रीचा उपाय हाती नव्हता.

नायट्रिक ऑक्साइडचे काम काय?

रक्तवाहिनी म्हणजे निर्जीव नळी नव्हे. तिच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंचा थर असतो. तो आकसला की वाहिनी अरुंद होते, सैल पडला की रुंद होते. या स्नायूला सतत दोन प्रकारचे हुकूम मिळत असतात. ॲड्रिनॅलिनच्या कुळातील संप्रेरके ‘आवळ’ असे सांगतात. ‘सैल सोड’ असे सांगणाऱ्यांमध्ये सर्वांत महत्त्वाचा रेणू म्हणजे नायट्रिक ऑक्साइड.

नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा प्रत्येकी एकच अणू असलेला हा वायू आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचे एकपदरी अस्तर असते. त्याला ‘एंडोथेलियम’ म्हणतात. रक्त वेगाने वाहू लागले, की त्याचे घर्षण या अस्तराला जाणवते. त्या पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. वायू असल्याने तो पेशीच्या पडद्यातून सहज आरपार जातो आणि शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो. तेथे तो एका विकराला जागे करतो. त्यातून ‘सायक्लिक जीएमपी’ हा दुसरा निरोप्या तयार होतो. त्यामुळे स्नायूपेशीतील कॅल्शियम कमी होते आणि स्नायू सैलावतो. नायट्रिक ऑक्साइडचे आयुष्य अवघ्या काही सेकंदांचे असते. त्यामुळे हुकूम जागच्या जागी पाळला जातो आणि लगेच संपतो.

चालताना, चढताना स्नायूंमध्ये काय होते?

रायगडाच्या पायऱ्या चढणाऱ्याच्या पोटऱ्यांना बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट रक्त लागते. त्याच वेळी कष्टामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनही वाढलेले असते आणि ते रक्तवाहिन्या आवळायला सांगत असते. मग काम करणाऱ्या स्नायूला रक्त पोहोचते कसे? त्या स्नायूतच तयार होणारे अनेक घटक ‘आवळ’ हा हुकूम तेवढ्या भागापुरता बोथट करतात. नायट्रिक ऑक्साइड हा त्यातला एक. हाडांना जोडलेल्या स्नायूंच्या पेशींमध्ये तो बनवणारे स्वतंत्र विकर असते आणि ते ‘डिस्ट्रोफिन’ नावाच्या प्रथिनाच्या आधाराने पेशीच्या पडद्यालगत बसलेले असते.

मुलांमध्ये स्नायू क्षीण करत नेणाऱ्या ‘ड्युशेन’ या आनुवंशिक आजारात डिस्ट्रोफिनच नसते. त्यामुळे हे विकरही आपल्या जागेवरून हटते. अशा मुलांच्या स्नायूंना श्रमाच्या वेळी पुरेसे रक्त मिळत नाही, असे संशोधनात आढळले आहे. म्हणजे निरोगी शरीरातही रक्तप्रवाह हा ‘आवळ’ आणि ‘सैल सोड’ यांच्यातील तोलावरच चालतो. विंचवाचे विष हा तोलच एका बाजूला झुकवते.

हा शोध कसा लागला?

अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करत होते. ॲसिटिलकोलिन या रसायनाने पट्टी कधी सैल पडे, तर कधी पडत नसे. पट्टी कापताना आतले अस्तर खरवडले गेले असेल तर ती सैल पडत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. अस्तरातून काहीतरी ‘निरोप’ सुटत असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी १९८० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला. त्याआधी १९७७ मध्ये फेरिड म्युराड यांनी नायट्रोग्लिसरीनसारख्या औषधांतून नायट्रिक ऑक्साइड सुटते आणि तेच स्नायू सैल करते, हे दाखवले होते. अस्तराचा तो अज्ञात निरोप म्हणजे हाच वायू, हे १९८६-८७ मध्ये फर्चगॉट, लुई इग्नारो आणि साल्वादोर मोंकादा यांच्या कामातून स्पष्ट झाले. फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

योगायोग असा, की ज्यांच्या नावाने हे पारितोषिक दिले जाते, त्या आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोग्लिसरीनपासूनच डायनामाइट बनवले होते. आयुष्याच्या अखेरीस त्यांना हृदयविकारावर डॉक्टरांनी तेच औषध सुचवले होते.

महाडमध्ये काय घडले?

हे शोध प्रयोगशाळांत लागत होते, त्याच काळात महाडमध्ये त्याच प्रश्नाला रुग्णाच्या खाटेपाशी उत्तर शोधले जात होते. जालना जिल्ह्यातील देहेड या गावचे डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने दगावणारे रुग्ण त्यांनी तेथे पाहिले आणि प्रत्येक रुग्णाच्या लक्षणांच्या बारकाईने नोंदी ठेवायला सुरुवात केली. धोक्याची पूर्वसूचना देणारी लक्षणे कोणती, याविषयीचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ख्यातनाम नियतकालिकात आला.

रुग्ण विषाने थेट नव्हे, तर आवळलेल्या रक्तवाहिन्या आणि थकलेले हृदय यांमुळे दगावतो, हे लक्षात आल्यावर उपचाराची दिशा बदलली. फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णांना सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध सलाईनमधून देण्यात आले. हे औषध रक्तात गेल्यावर थेट नायट्रिक ऑक्साइड सोडते. म्हणजे शरीराचा जो ‘सैल सोड’ हुकूम ॲड्रिनॅलिनच्या लोंढ्यापुढे तोकडा पडत होता, तोच बाहेरून पुरवला गेला. रुग्ण बचावू लागले.

मात्र, हे औषध हाताळणे अवघड आहे. ते प्रकाशात टिकत नाही, म्हणून बाटली झाकून ठेवावी लागते. थेंब थोडे जास्त गेले तरी रक्तदाब कोसळतो, त्यामुळे दर काही मिनिटांनी तो मोजावा लागतो. जास्त काळ दिल्यास शरीरात सायनाइड साचण्याचा धोका असतो. एक डॉक्टर, एखादी परिचारिका आणि केव्हाही जाणारी वीज, अशा परिस्थितीत असा उपचार गावोगावी नेणे शक्य नव्हते.

त्यावर उपाय म्हणून डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन ही उच्च रक्तदाबावरील साधी गोळी वापरायला सुरुवात केली. त्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे हा उपचार देशात आणि देशाबाहेरही स्वीकारला गेला. डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री किताब जाहीर झाला.

प्राझोसिन म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच का?

नाही. दोन्हींचा परिणाम सारखा दिसतो, पण मार्ग वेगळे आहेत. नायट्रिक ऑक्साइड स्नायूपेशीच्या आत जाऊन तिला सैल करते. प्राझोसिन मात्र बाहेरच्या दारावर उभे राहते. ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन स्नायूपेशीवरील ‘अल्फा’ नावाच्या रिसेप्टरला चिकटून ‘आवळ’ हा हुकूम देतात. प्राझोसिन ही जागाच अडवते. संप्रेरके रक्तात असतात, पण त्यांचा हुकूम पेशीपर्यंत पोहोचत नाही. नायट्रोप्रुसाइडप्रमाणेच ही गोळी धमन्या आणि शिरा दोन्ही सैल करते. त्यामुळे हृदयावरचा भारही हलका होतो आणि फुप्फुसांमधली कोंडीही सुटू लागते.

विशेष म्हणजे, लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये ‘आयबेरिओटॉक्सिन’ हा घटक वेगळा करण्यात आला. स्नायूपेशीतील पोटॅशियमची जी द्वारे तो बंद करतो, त्याच द्वारांचा उपयोग नायट्रिक ऑक्साइड स्नायू सैल करण्यासाठी काही अंशी करते. विषात हा घटक अल्प असतो आणि जीवघेण्या परिणामांचा मुख्य दोष सोडियमच्या द्वारांवर काम करणाऱ्या घटकांकडेच जातो. तरीही रक्तवाहिन्यांचे शास्त्र समजून घेण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा आज या विंचवाच्या विषातील हा रेणू वापरतात.

मग प्रतिविषाची गरज उरते का?

मुंबईतील हाफकिन संस्थेने लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार केले आहे. चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातील डॉक्टरांनीही गंभीर रुग्णांमध्ये त्याचा वापर करून २००६ मध्ये अनुभव प्रसिद्ध केले. प्रतिविष आणि गोळी यांची तुलना महाडमध्येच झाली. ७० रुग्णांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. प्रतिविष आणि प्राझोसिन असे दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्णांची लक्षणे दहा तासांत पूर्ण गेली. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी आठ रुग्णांनाच तेवढ्या वेळात पूर्ण आराम पडला.

याचा अर्थ सरळ आहे. रक्तातील विष निकामी करण्याचे काम प्रतिविषाचे. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करून हृदयाला तोवर तगवण्याचे काम प्राझोसिनचे. प्रतिविष मिळाले तर रुग्ण लवकर बरा होतो. ते हाताशी नसेल, तर गोळीसाठी थांबण्याचे कारण नाही.

रोजच्या आरोग्याशी याचा संबंध काय?

छातीत कळ आल्यावर अनेक हृदयरुग्ण जिभेखाली जी सॉर्बिट्रेटची गोळी ठेवतात, तीही शरीरात नायट्रिक ऑक्साइडच पुरवते. सिल्डेनाफिल हे औषध सायक्लिक जीएमपीचे विघटन रोखून तोच परिणाम लांबवते. म्हणूनच ही दोन औषधे एकत्र घेतल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो. फुप्फुसातील रक्तदाब वाढलेल्या नवजात बालकांना हा वायू अत्यल्प प्रमाणात थेट श्वासातूनही दिला जातो.

धूम्रपान, मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांमुळे रक्तवाहिनीचे अस्तर खराब होते आणि नायट्रिक ऑक्साइड तयार करण्याची तिची क्षमता घटते. नियमित चालण्याने ती सुधारते. पालेभाज्या आणि बीट यांतील नायट्रेटपासूनही शरीर हा रेणू बनवते. मात्र, विंचूदंशासारख्या तातडीच्या प्रसंगी यातल्या कशाचाही उपयोग नाही.

कशेडीच्या बोगद्यातून जाताना वाहनांच्या धुरात असतो, तोही नायट्रिक ऑक्साइडच. पण तेथे हवेशी संयोग होऊन त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड बनतो आणि तो फुप्फुसांना घातक असतो. रेणू एकच, पण पेशीत मोजून बनलेला आणि धुरातून ओढलेला यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भूल देताना वापरला जाणारा ‘लाफिंग गॅस’, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, हा तर निराळाच वायू.

कशेडी परिसरात आज प्रश्न कशाचा?

उपचार सापडला, तो स्वस्त आहे आणि सिद्धही झाला आहे. त्यामुळे आता प्रश्न उरतो तो वेळेचा. प्राझोसिनचा सर्वाधिक उपयोग होतो तो फुप्फुसात पाणी होण्यापूर्वी, म्हणजे हातपाय गार पडू लागल्याच्या टप्प्यावर. डोंगरावरच्या वाडीतून रात्री रुग्णाला रस्त्यापर्यंत आणायचे, वाहन मिळवायचे आणि पोलादपूर किंवा महाड गाठायचे, यात हेच मोलाचे तास निघून जातात. त्यात मांत्रिकाकडे वेळ गेला, तर औषध असूनही उपयोग होत नाही.

सुमारे दोन किलोमीटरच्या कशेडी बोगद्याची एक बाजू २०२३ च्या गणेशोत्सवात हलक्या वाहनांसाठी खुली झाली आणि घाटाचा वळसा वाचला. मात्र, महामार्ग वेगवान झाल्याने वाडी ते महामार्ग हे अंतर कमी होत नाही. जुलै २०२१ मध्ये महाडला पुराचा वेढा पडला, तळिये येथे दरड कोसळली आणि महाड-पोलादपूर भागातील रस्ते बंद झाले. अशा वेळी मोठ्या रुग्णालयावर भिस्त ठेवता येत नाही. गोळी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात असणे, रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला ती केव्हा द्यायची हे ठाऊक असणे आणि आशा सेविकेला धोक्याची लक्षणे ओळखता येणे, या तीन गोष्टी तेथे निर्णायक ठरतात. नायट्रोप्रुसाइडच्या जागी गोळी आली तीच मुळी यासाठी. ती रुग्णालयात अडकून पडली, तर त्या बदलाचा हेतूच उरत नाही.

दंश झाल्यास काय करावे, काय टाळावे?

- दंशाची वेळ लक्षात ठेवावी. लक्षणे कधी सुरू झाली, हे डॉक्टरांना सांगावे.
- उलटी, घाम, गार हातपाय, धाप यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. लहान मुलाला दंश झाला असल्यास लक्षणांची वाट पाहू नये.
- दंशाच्या जागी चिरा देणे, दोरी आवळून बांधणे किंवा पाला-तंबाखू चोळणे टाळावे. त्याने विष उतरत नाही, जखम मात्र वाढते.
- घरातील कुणाची रक्तदाबाची गोळी स्वतःहून देऊ नये. प्राझोसिनची मात्रा रुग्णाच्या वजनावर ठरते. उलट्या आणि घामाने अंगातले पाणी कमी झालेले असेल, तर रक्तदाब एकदम घसरू शकतो.
- डॉक्टरांनी गोळी दिल्यानंतर रुग्णाला झोपवूनच ठेवावे. उठवून बसवू किंवा चालवू नये.
- सरपण, चिरे, गवत उचलताना हातात काठी असावी. चपला झटकूनच पायात घालाव्यात आणि रात्री बाहेर पडताना बॅटरी सोबत घ्यावी.
- गार पडलेले हातपाय पुन्हा ऊबदार होणे ही रक्तवाहिन्या सैलावू लागल्याची खूण आहे. मात्र, त्यानंतरही डॉक्टर सांगतील तितका वेळ रुग्णालयातच थांबावे.